वाढून ठेवलेलं पान

राजेश्वर, ६ नोव्हेंबर, गुरुवार

परवाच्या नोंदीत एक चूक आहे. ‘श्रीदेवीने मला मस्कतला बोलावलं’ असं मी लिहिलं. तिने बोलावलं नाही. दसऱ्याच्या आधी फोनवर मीच म्हणाले, “परीक्षेनंतर सुट्टी आहे, येऊ का तुमच्याकडे?” ती म्हणाली, “ये की.” मग तिला तिकडे कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. घडलं ते एवढंच.

‘ये की’ हे बोलावणंच आहे. पण आधी विचारलं मी, हे लिहायला हवं होतं.

जुनी ओळ खोडत नाही. लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं असेल तर पुढच्या पानावर दुरुस्त करायचं, हे कुसुमआत्याने लावलेलं वळण आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि मला दमा होता. आत्या ही अप्पांची थोरली बहीण; बसवकल्याणची शाळेतली नोकरी सोडून ती आमच्याकडे राजेश्वरला आली. सातवीपर्यंत तिनेच मला घरी शिकवलं. रोज संध्याकाळी दिवसाचं टिपण लिहायचं. “घडलं ते आधी लिही. वाटलं ते नंतर, निराळं.” आठवीला शाळेत गेले तेव्हा मला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त गणित येत होतं. डबा खायला कुणाशेजारी बसायचं ते मात्र येत नव्हतं.

ते कलबुर्गीला आल्यावर आलं. बी.एस्सी.ची तीन वर्षं हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी होतो: खजुरीची श्रीदेवी, भालकीची पवित्रा आणि मी. त्या दोघी आता मस्कतला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला आहेत. मी एम.एस्सी.साठी कलबुर्गीतच राहिले. त्या खोलीत आता दोन नव्या मुली आहेत. चांगल्या आहेत. आपसात बोलतात.

तिकीट आत्याने काढून दिलं. रविवारी हैदराबादहून विमान.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रीदेवीची आई, पद्मामावशी, आज खजुरीहून उमरग्यावरून दोन बस बदलून आल्या. लेकीसाठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कारळाची चटणी. भाकरीची चवड जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली होती.

आत्या दारातून म्हणाली, “पद्माबाई, आत या की.”

“बसते की हितंच. गार लागायलंय.” त्या कट्ट्यावर टेकल्या. गाठोडं मांडीवरून खाली ठेवताना म्हणाल्या, “हे बी बाहीरच ऱ्हाऊ द्या. तुमच्या देवघराला धक्का नको माझ्या भाकरीचा.” आणि हसल्या. आत्याही हसली. मीही.

चहा घेताना मला म्हणाल्या, “पोरी, बघून ये नीट तिला. फोनवर म्हणती चांगली हाय. चांगली हाय म्हणती म्हंजे काय हाय ते बघ.”

“बघते मावशी.”

“आन आवंदा तरी येळवसला ये शेताला. दर साली म्हणते मी.”

“येते की,” मी म्हणाले. दरवर्षी त्या म्हणतात आणि दरवर्षी मी असंच म्हणते. सवय झाली आहे दोघींना.

येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या भागात झाडून सगळे शेतात जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, शेंगा-पाल्याची मिसळ भज्जी आणि ज्वारीची आंबील खातात. शेताला न आलेल्या घरांना मडकी भरून भज्जी पोचवतात. आमच्याकडेही मावशींकडून दरवर्षी येतं. त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन हुमनाबादच्या बाजाराला गाडी घेऊन येतो तेव्हा टोपली ठेवून जातो: तुरीच्या शेंगा, वाल, ओला हरभरा. बाकीच्यांना भज्जी जाते. आम्हाला भज्जीचा भाजीपाला येतो. आम्हाला दुसऱ्याकडचं शिजवलेलं चालत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मावशी गेल्यावर आत्याने गाठोडं माझ्या मोठ्या बॅगेत ठेवू दिलं नाही. त्यात माझं पूजेचं, सोवळ्याचं आणि तिने केलेले लाडू आहेत. रेक्झिनची निराळी पिशवी काढून दिली.

मस्कत, १० नोव्हेंबर, सोमवार

काल रात्री पोचले. आज लिहिते आहे.

विमानात खिडकी मिळाली, पण शेजारच्या बाईला ढग बघायचे होते म्हणून मी मागे रेलून बसले. अप्पा हुमनाबादपासून हैदराबादपर्यंत सोडायला आले होते. ते काचेपलीकडे बराच वेळ उभे होते. मी आत वळल्यावरही असावेत.

श्रीदेवी आणि पवित्रा घ्यायला आल्या. पवित्राने मिठी मारली. श्रीदेवीने बॅग घेतली. ती बारीक झाली आहे, केस खांद्यापर्यंत कापले आहेत. गाडीत दोघी बोलत होत्या. कुणी तरी सुमय्या आहे, तिच्या ड्यूटीबद्दल. मी बाहेर बघत होते. डोंगर आहेत आणि त्यांच्यावर गवताची काडी नाही.

घर रूवी नावाच्या भागात, तिसऱ्या मजल्यावर. खाली शिंप्यांची दुकानं आहेत. श्रीदेवीने माझ्यासाठी स्वयंपाकघरात एक खण रिकामा करून कागद अंथरला होता. त्यात नवं पातेलं, नवी कढई, ताट, वाटी. चिकटवलेली किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. “ह्यात कुणीच काय शिजिवलं न्हाई,” ती म्हणाली. “तुझं तू करून घे.”

माझ्यासाठी इतका विचार कुणी केला नव्हता. मी तसं तिला म्हणाले.

“तीन वर्षं बघितलंय की,” ती म्हणाली.

मग गाठोडं सोडलं. भाकरीचा चुरा झाला होता. रेक्झिनच्या पिशवीवर सामानात काहीतरी जड पडलं असणार. वरची एकसुद्धा अख्खी नव्हती. पवित्रा म्हणाली, “जाऊ दे गं, चुरूनच तर खातात.” श्रीदेवीने फडक्यात हात घालून तळापर्यंत चाचपलं. एक पाव भाकरी निघाली.

“मोठ्या बॅगेत ठिवली असती तर ऱ्हायली असती,” ती म्हणाली.

“दबेल म्हणून निराळी ठेवली,” मी म्हणाले.

हे खरं नाही. निराळी का ठेवली ते वर ७ तारखेला लिहिलं आहे. तिला तसं सांगायला हवं होतं, पण सांगण्याची वेळ निघून गेली. मी चार-पाच वेळा माफी मागितली. शेवटी ती म्हणाली, “वैष्णवी, बस. चुरा हाय, मढं न्हाई.”

तिने चुऱ्यावर दही घातलं, चटणी घेतली आणि खिडकीकडे तोंड करून खाल्लं. पवित्राने एक घास मागितला तर दिला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोघी सकाळी सातला कामावर जातात. मी दिवसभर घरी. पुस्तक आणलं आहे, वाचलं नाही. खाली पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात, तेलुगूत भांडतात. एक मुलगा आउट झाला तरी जात नव्हता. तो बॅट टेकवत होता तेव्हाच मला स्पष्ट दिसलं होतं की तो आउट आहे, पण तिसऱ्या मजल्यावरून मी काय सांगणार.

संध्याकाळी त्यांच्यासाठी वरणभात, भोपळ्याची भाजी केली. नव्या पातेल्यात. आठला दोघी आल्या. लॅबमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता, जेवूनच आल्या होत्या. श्रीदेवी म्हणाली, “फोन करायचा राहिला.” मग तिने वाटीत थोडं वरण घेतलं आणि उभ्याउभ्याच प्यायली. “तुझ्या हातचं पहिल्यांदाच खायलेय,” म्हणाली.

मला वाटलं तसं नसेल. आठवून पाहिलं. हॉस्टेलमध्ये मी घरून आणलेले लाडू सगळ्यांना द्यायची. पण ते आत्याच्या हातचे. म्हणजे ती म्हणते ते बरोबर आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे कळलं ते क्रमाने लिहिते.

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. दुपारी पवित्रा एकटीच लवकर आली. श्रीदेवीची उशिरापर्यंत ड्यूटी. पवित्रा कपड्यांच्या घड्या घालत होती, मी मदत करत होते. तिला फोन आला. हिंदीत बोलत होती. “नहीं नहीं, देखते. मेहमान है ना.” फोन ठेवल्यावर मी विचारलं, काही अडचण आहे का.

“काही न्हाई गं. निजवाचा किल्ला बघायला जायचं होतं उद्या सगळ्यांनी. लॅबमधल्या पोरी. महिन्याभरापासून ठरलंय.”

“मग जा ना.”

“तुला एकटीला टाकून?” ती म्हणाली. मग हसायला लागली. “तू बी धन्य हायेस बाई. श्रीदेवी म्हणली ‘ये की’, आन तू तिकीट काढूनच आलीस. तिकिटाचा फोटो आला तवा आमी दोघी एकमेकींकडं बघायलो.”

“तिला मी यायला नको होतं का?”

“तसं न्हाई गं. पण आपल्याकडं कुणी बी म्हणतंय की. रस्त्यानं जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो, म्हणून कोण चप्पल सोडून पाटावर बसतंय का?” तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं, कारण मग म्हणाली, “आता आलीस ते चांगलंच झालं. मला आवडलं. खरंच.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पवित्राला राग येत नाही. मी टॉवेलची घडी पुन्हा केली, कारण कडा जुळल्या नव्हत्या.

वाटलं ते: आता प्रत्येक गोष्ट तपासावी लागेल. ‘जेवलीस का’ हे विचारणं असतं की नसतं. ‘बस की’ म्हणजे बसायचं की निघायचं. बाकीच्यांना हे कुठे शिकवतात?

संध्याकाळी श्रीदेवी आल्यावर मी म्हणाले, उद्या तुम्ही निजवाला जा, माझं डोकं दुखतंय, मला पडून राहायचं आहे.

“उद्याचं डोकं आजच दुखायलंय व्हय?” ती म्हणाली. पण आग्रह केला नाही.

डोकं दुखत नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी त्या गेल्या. एवढी शांतता राजेश्वरला कधी नसते. तिथे निदान हायवेवरच्या लॉऱ्या असतात.

खाली उतरून रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. दुकानं बंद, नमाजाची वेळ. एका शिंप्याने अर्ध्या उघड्या शटरखालून “दुकान बाद में” असं सांगितलं. मला दुकान नको होतं, पण मी “ठीक आहे” म्हणून परत आले. दहीभात केला आणि जमिनीवर बसून खाल्ला. ताटावरची चिठ्ठी अजून काढलेली नाही. ती काढली की ताट माझं होईल आणि मग ते इथे ठेवून जाणं बरं दिसणार नाही.

दुपारी पवित्राने फोटो पाठवला. किल्ला, मागे खजुराची झाडं. फोटो मोठा करून पाहिला. सातजणी आहेत. गाडीत सात जागा होत्या, हे पवित्रा काल म्हणाली होती. म्हणजे मी गेले असते तर एकीला राहावं लागलं असतं. डोकं दुखतंय म्हणाले ते बरंच झालं.

श्रीदेवी फोटोत हसते आहे. खोलीत ती अशीच हसायची.

१५ नोव्हेंबर, शनिवार, एकादशी

श्रीदेवीला एकादशी लक्षात होती. मला वाटलं नव्हतं. सकाळी तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, “आज तुझं काय न्हाई ना? पाणीच ना?” तोही नवा तांब्या.

पवित्रा झोपली होती. आम्ही दोघी गच्चीवर गेलो. वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये सावलीत बसलो. बऱ्याच दिवसांनी दोघीच होतो. मी म्हणाले, तुझी आई विचारत होती, खरंच चांगली आहेस का.

“हाय की. काम हाय, पगार हाय. रडू येतं कधी कधी. तेवढं आईला सांगू नको.”

“विचारलं तर?”

“इचारलं तर बी नको. तू खरं सांगत सुटतीस.” ती हसली. मग म्हणाली, “आवंदा येळवसला मी नसणार. पहिल्यांदाच.”

तिला भज्जीची आठवण झाली. दर येळवसेच्या दुसऱ्या दिवशी मल्लिकार्जुन हॉस्टेलला मोठा डबा आणून द्यायचा आणि सगळा मजला आमच्या खोलीत जमायचा, ते सगळं ती सांगत होती. कोण कशी बोटं चाटायची, वॉर्डन कशी आधी ओरडायची आणि मग वाटी घेऊन यायची.

“तू लायब्ररीत जायचीस,” ती म्हणाली.

“गर्दी व्हायची ना. माझी कॉट मोकळी झाली की चौघी बसायच्या.”

“व्हय. कॉट मोकळी व्हायची.” तिने वाळलेल्या चादरीचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. “पहिल्या साली मी एक वाटी झाकून ठिवली हुती तुझ्यासाठी. टेबलावर. तू आल्यावर इचारलंस, ‘ही कुणाची राहिली?’”

मला हे आठवत नाही. तसं मी तिला म्हणाले. विचारलंही, मग त्या वाटीचं काय झालं.

“काय व्हायचंय? पवित्रानं खाल्ली.”

नंतर आम्ही चादरी गोळा करून खाली आलो. ती चादरीची दोन टोकं माझ्या हातात द्यायची, आम्ही लांब जायचो, जवळ यायचो, घडी व्हायची. हॉस्टेलमध्येही आम्ही अशाच घड्या घालायचो. बोलावं लागत नाही. या सगळ्या दिवसांत तेवढा वेळ मला बरं वाटलं.

हैदराबाद ते हुमनाबाद, बसमध्ये, १८ नोव्हेंबर, मंगळवार

अक्षर वाईट येतं आहे. अप्पा शेजारी झोपले आहेत.

विमानतळावर श्रीदेवी एकटी आली होती. आईसाठी शाल दिली. म्हणाली, “पोचल्यावर फोन कर.” “अभ्यास कर.” “दम लागला तर औषध घेत जा.” ‘परत ये’ असं म्हणाली नाही. मी थोडा वेळ थांबून पाहिलं.

पातेलं, कढई, ताट-वाटी तिथेच राहिली. मी धुवून, पुसून खणात ठेवली.

राजेश्वर, २१ नोव्हेंबर, शुक्रवार

मल्लिकार्जुन हुमनाबादला आला होता, शाल त्याच्याकडे दिली. संध्याकाळी मावशींचा फोन.

“कशी दिसली गं?”

“बारीक झाली आहे मावशी.” हे सांगू नको असं श्रीदेवीने सांगितलं नव्हतं. “केस कापलेत.”

“कापू दे, वाढत्यात. भाकरी खाल्ली का?”

“भाकरीचा चुरा झाला होता. सगळा.”

“चुऱ्याला काय हुतंय? खाल्ली का, ते सांग.”

“खाल्ली. पवित्रालासुद्धा दिली नाही.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “बरं. येळवसला ये.”

मी “बघते” म्हणाले. आता मला ठाऊक आहे की अशा वेळी काय म्हणायचं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आत्या शेंगदाणे निवडत होती. मी विचारलं, “आत्या, ‘या की’ म्हटलं तर ते खरं बोलावणं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?”

“कोण काय म्हणालं तुला?”

“कुणी नाही. विचारते.”

“अगं, ‘या की’ हा नमस्कार असतो. नमस्कार केला म्हणून कुणी मुक्कामाला येतं का?” तिने एक कुजका दाणा बाजूला टाकला. “खरं बोलावणं दोनदा येतं. आधी आमंत्रण. मग पानं मांडली की माणूस येतो, चला म्हणून. ते दुसरं आलं की उठायचं. पूर्वी माणूस यायचा, आता फोन येतो.”

“हे तू मला शिकवलं नाहीस.”

“हे काय शिकवायचं असतं? चार घरी गेलं की आपोआप कळतं.”

“मी चार घरी जात नव्हते.”

“दमा होता तुला,” आत्या म्हणाली. मग तिने निवडलेले दाणे पुन्हा सुपात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला लागली.

मस्कतला दुसरं बोलावणं आलं नव्हतं. एवढा साधा नियम होता.

११ डिसेंबर, गुरुवार

आज मावशींचा फोन आला. आधी ज्वारीचं बोलल्या, मग थंडीचं. मग, “पुढल्या शुक्रवारी येळवस. येणार का न्हाई? नक्की सांग. पान मांडायचं का न्हाई ते ठरवायचंय.”

“कुठलं पान?”

“तुझं.”

मला समजलं नाही. मी पुन्हा विचारलं.

“अगं, कोपीम्होरं घरच्यांची पानं मांडतोत आमी. श्रीदेवी तुझ्या खोलीत ऱ्हायला गेली त्या सालापासनं तुझं बी एक मांडायली. मी म्हणायची, अगं, ती न्हाई खात आपलं. तर म्हणायची, येती म्हणलीय. मग पान वाढलं की फोन लावायची तुला.”

फोन यायचा, हे मला आठवतं. दर येळवसेला, दुपारी. “कुठवर आलीस?” असं विचारायची. मला वाटायचं चेष्टा करते आहे. मी म्हणायची, “लायब्ररीत आहे,” किंवा “घरी आहे, आत्या पुरण वाटते आहे.” ती “बरं बरं” म्हणायची आणि मागे माणसांचा, बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा.

“आणि त्या पानाचं काय व्हायचं मावशी?” मी विचारलं.

“दिस कलला की मल्लू बैलाम्होरं ठिवायचा. वाया न्हाई जायचं, तू मनाला लावून घेऊ नको. बैल बी घरचाच हाय.” मग म्हणाल्या, “पण आवंदा श्रीदेवी बी न्हाई. दोन पानं बैलाला घालायची म्हंजे लई हुतंय. म्हणून इचारते.”

मी “उद्या-परवा सांगते” म्हणाले.

श्रीदेवीने हे मला कधी सांगितलं नाही. गच्चीवरही नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दोन दुरुस्त्या.

७ नोव्हेंबरला लिहिलं आहे की मावशी येळवसेचं सवयीने म्हणतात. चूक. माझंच ‘येते की’ सवयीचं होतं.

३० नोव्हेंबरला लिहिलं आहे की दुसरं बोलावणं आलं नव्हतं. मस्कतपुरतं ते बरोबर आहे.

१४ डिसेंबर, रविवार

आज जेवताना सांगितलं की मी येळवसेला खजुरीला जाणार आहे.

आत्या म्हणाली, “जा की. नाही कोण म्हणतंय? अमावस्या आहे, पण अप्पांच्या तर्पणाची तयारी मी बघेन. तुला दहीपोहे बांधून देते. भज्जीत लसणाची पात असते, आंबील आंबवलेली असते. तू आपली झाडाखाली बसून डबा खा. पद्माबाईंना काही वाटायचं नाही. त्यांना माहीत आहे.”

“त्यांना माहीत आहे,” मी म्हणाले. “डबा नको.”

“मग खाशील काय दिवसभर?”

मी पानातलं मीठ बोटाने सारखं केलं. आत्या माझ्याकडे बघत राहिली. भातावर तूप वाढायला घेतलेली पळी तिच्या हातात तशीच होती. मला वाटलं आता ती सरळच विचारेल, ‘त्यांच्यातलं खाणार आहेस का’, आणि विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. तिनेच लावलेलं वळण आहे.

तिने विचारलं नाही. अप्पांकडे वळून म्हणाली, “गुरुराज, ऐकलंस का?”

अप्पा ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, “अक्का, त्या दिवशी उमरग्याच्या बसला फार गर्दी असते. तिला पहिल्या बसने जाऊ दे.”

आत्याने तूप वाढलं. माझ्या भातावर जरा जास्तच पडलं. नंतर तिने खरकटं स्वतःच काढलं, मला हात लावू दिला नाही.  संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणाली, “पद्माबाईंना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. नारळ ने.” हे पहिलं म्हणणं आहे. दुसऱ्यांदा म्हणते का ते बघायचं.

मावशींना फोन केला. “माझं पान मांडा,” एवढंच म्हणाले. पलीकडून त्या मल्लिकार्जुनला ओरडून सांगत होत्या, तो “खरंच व्हय?” विचारत होता, आणि कुणीतरी हसत होतं.

श्रीदेवीला कळवलेलं नाही. पाच वेळा लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी ते काहीतरी मागितल्यासारखं वाटलं. तिला कळायचं तर तिच्या आईकडून कळेल.

भीती वाटते ती लिहून ठेवते. सगळ्यांसमोर पहिला घास तोंडात घेतला आणि माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं तर? लसणाच्या वासाने मळमळलं तर? सगळे बघत असतील. मावशी तर नक्कीच. आत्याला घरी आल्यावर काय सांगायचं, तेही ठरलेलं नाही. विचारलं तर घडलं तेवढं सांगेन.

१९ डिसेंबर, शुक्रवार. उमरग्याची पहिली बस. हातात नारळ, डबा नाही.